सहलीचे गणित मांडणारा सुतार

सहलीला निघालेल्या माणसाच्या मनात सहसा दोनच काळज्या असतात. घराला कुलूप नीट लागले ना आणि गाडी वेळेवर मिळेल ना. कोणत्या गावी किती वाजता पोहोचायचे, तेथे राहण्याची सोय कोठे, चहा कोण देणार, पाऊस आला तर काय, परतीची गाडी चुकली तर कोणाला गाठायचे, हा सारा विचार त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. या दुसऱ्या माणसाचा व्यवसाय आज इतका सरावाचा झाला आहे, की तो कधीकाळी अस्तित्वातच नव्हता हे लक्षातही येत नाही. सहल, क्रीडास्पर्धा आणि प्रदर्शने यांचे नियोजन कसे करावे याचे आज रीतसर अभ्यासक्रम आहेत. हे सारे ज्याला कोणीही शिकवले नव्हते आणि जो चुका करीत, नुकसान सोसत ते शिकला, तो माणूस पेशाने सुतार आणि वृत्तीने धर्मप्रचारक होता. त्याचे नाव थॉमस कुक.

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील मेलबर्न या छोट्या गावी २२ नोव्हेंबर १८०८ रोजी थॉमसचा जन्म झाला. ऑस्ट्रेलियातील प्रख्यात शहराचे नाव लॉर्ड मेलबर्न यांच्यामार्फत याच गावावरून पडले, पण थॉमसच्या बालपणी गावाला अशी काही कीर्ती नव्हती. वडील जॉन कुक मजुरी करीत. थॉमस जेमतेम तीन वर्षांचा असताना ते वारले आणि आई एलिझाबेथ हिने लवकरच दुसरा विवाह केला. आईचे वडील बाप्टिस्ट पंथाचे उपदेशक होते आणि आजोळचा तो धार्मिक संस्कार नातवावर आयुष्यभर राहिला. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि थॉमस एका माळ्याकडे दिवसाला एक पेनी मजुरीवर राबू लागला. चौदाव्या वर्षी तो एका नातेवाइकाकडे सुतारकाम शिकायला राहिला. पुढे काही काळ लफबरो येथील एका बाप्टिस्ट मुद्रकाच्या छापखान्यातही त्याने काम केले. छपाईची ही विद्या पुढे रंधा-करवतीपेक्षा कितीतरी अधिक कामी यायची होती.

१८२८ मध्ये विशीतल्या थॉमसला बाप्टिस्ट मंडळींनी फिरता धर्मप्रचारक म्हणून नेमले. वर्षाचे मानधन ३६ पौंड. खेडोपाडी जायचे, धर्मग्रंथ वाचून दाखवायचे, पत्रके वाटायची, रविवारच्या शाळा उभ्या करायच्या. या कामाची त्याने ठेवलेली नोंद बोलकी आहे. १८२९ या एका वर्षात त्याने २,६९२ मैल प्रवास केला आणि त्यांपैकी २,१०६ मैल पायी तुडवले. मैलांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे मांडून ठेवणारा तरुण प्रचारक पुढे काय करणार, याची चुणूक येथेच दिसते. परक्या गावात उतरायचे, ओळख नसलेल्या माणसांना एकत्र जमवायचे, वेळ पाळायची आणि पदरचे पैसे न संपवता परत यायचे, ही कुक यांची खरी शाळा.

प्रचारकार्याला पैसा पुरेना, तेव्हा कुक पुन्हा सुतारकीकडे वळले. १८३३ मध्ये मेरियन मेसन हिच्याशी विवाह झाला आणि दुसऱ्या वर्षी जॉन मेसन हा मुलगा जन्मला. मार्केट हार्बरो गावी बिऱ्हाड थाटले. याच सुमारास कुक मद्यत्यागाच्या चळवळीत ओढले गेले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कारखान्यातील मजुराला विरंगुळा म्हणून दारूच्या गुत्त्याखेरीज फारसे काही नव्हते. पगाराचा दिवस आणि घरात उपासमार ही जोडी कुक यांनी जवळून पाहिली होती. दारू सोडा असे सांगणे सोपे असते. पण सोडलेल्या संध्याकाळी माणसाने जावे कोठे, या प्रश्नाला चळवळीपाशी सभा आणि प्रवचने याखेरीज उत्तर नव्हते.

ते उत्तर कुक यांना जून १८४१ मध्ये रस्त्यात सापडले. मद्यत्यागाच्या एका सभेसाठी ते मार्केट हार्बरोहून लेस्टरला चौदा-पंधरा मैल पायी निघाले होते. डर्बी ते लेस्टर लोहमार्ग आदल्याच वर्षी सुरू झाला होता. पुढची सभा लफबरोला व्हायची होती. सभेसाठी खास गाडी ठरवली आणि लोकांना स्वस्तात तेथे नेले तर? सभेत त्यांनी ही कल्पना मांडली, ती उचलून धरली गेली आणि कुक रेल्वे कंपनीच्या सचिवांना जाऊन भेटले. ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला गाडी सुटली. अंतर अवघे अकरा मैल, जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग, प्रवासी सुमारे पाचशे. बहुतेकांना मिळाले ते छप्पर नसलेले डबे. सोबत बँडपथक होते. लफबरोला एका धनिकाच्या बागेत चहा-फराळ, खेळ आणि भाषणे झाली, आणि मंडळी रात्री सुखरूप घरी परतली.

ही जगातील पहिली सहलगाडी असे अनेकदा लिहिले जाते, ते खरे नाही. कामगारांच्या शिक्षणसंस्थांनी आदल्या वर्षीच लेस्टर आणि नॉटिंगहॅमदरम्यान अशा गाड्या काढल्या होत्या. कुक यांचे वेगळेपण गाडी ठरवण्यात नाही. रेल्वेशी बोलणी, पत्रके छापणे, तिकिटे विकणे, चहाची व्यवस्था, बँड, बाग आणि परतीची वेळ या सर्वांची जबाबदारी एकाच माणसाने घेतली आणि लोकांकडून एकच रक्कम स्वीकारली, हे नवे होते. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावायला त्या वेळी आणखी बारा वर्षांचा अवकाश होता.

पुढची तीन वर्षे कुक यांनी हे काम हौसेने आणि बिनफायद्याने केले. ते लेस्टरला राहायला आले, छापखाना आणि पुस्तकविक्री सुरू केली, मद्यत्यागाच्या तत्त्वावर चालणारे उतारूगृह काढले. घोड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात रविवार-शाळांतील हजारो मुलांना गावाबाहेर सहलीला नेण्याची कल्पना त्यांचीच. शर्यतींच्या निमित्ताने गावात वाहणाऱ्या दारूपासून आणि जुगारापासून मुले दूर राहावीत, एवढाच हेतू होता.

व्यवसाय म्हणून पहिली सहल निघाली ती ऑगस्ट १८४५ मध्ये लिव्हरपूलला. तेथून पुढे आगबोटीने वेल्समधील कार्नार्व्हन आणि स्नोडन पर्वत. येथे मात्र कामाचे स्वरूपच बदलले. वाटेत एकापेक्षा अधिक रेल्वे कंपन्यांचे मार्ग लागत. प्रत्येकीचे दर निराळे, वेळा निराळ्या, मानापमान निराळे. या साऱ्यांशी स्वतंत्र बोलणी करून कुक यांनी पहिल्या वर्गासाठी १५ शिलिंग आणि दुसऱ्यासाठी १० शिलिंग असा एकच दर ठरवला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहल जाहीर करण्यापूर्वी ते स्वतः त्या मार्गाने जाऊन आले. उतारूगृहे पाहिली, जेवणाचे दर ठरवले, बोटीच्या वेळा तपासल्या आणि जे पाहिले त्याची छोटी मार्गदर्शक पुस्तिका स्वतःच्या छापखान्यात छापून प्रवाशांच्या हाती दिली. आधी पाहणी, मग करार, मग जाहिरात, हा क्रम आज कोणत्याही पर्यटन संस्थेत नवशिक्याला पहिल्या आठवड्यात सांगितला जातो. कुक यांना तो सांगणारा कोणी नव्हता. तिकिटांवर अशा उड्या पडल्या, की काहींनी ती विकत घेऊन चढ्या दराने विकली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीच सहल काढावी लागली.

स्नोडनच्या माथ्यावर उभे असतानाच कुक यांच्या मनाने स्कॉटलंड गाठले होते. १८४६ च्या उन्हाळ्यात सुमारे साडेतीनशे लोकांना घेऊन ते निघाले. या सहलीत जे जे बिघडायचे ते सारे बिघडले. इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत सलग लोहमार्ग नव्हता, म्हणून फ्लीटवुड बंदरापर्यंत रेल्वे, तेथून आर्ड्रोसनपर्यंत आगबोट आणि पुढे पुन्हा रेल्वे असा बेत होता. त्या काळच्या डब्यांत शौचालये नसत, आणि वाटेतले थांबे पुरेसे ठेवलेले नव्हते. प्रेस्टनला चहा मिळेल असे सांगितले होते, तो मिळाला नाही. बोटीवर खोल्या अपुऱ्या पडल्या आणि पहिल्या वर्गाचे पैसे मोजलेल्या कित्येकांना पावसात उघड्या डेकवर रात्र काढावी लागली. ग्लासगोत तोफांची सलामी आणि बँड यांनी स्वागत झाले खरे, पण भिजलेल्या, भुकेल्या माणसाला सलामीचे किती कौतुक असणार! वर्तमानपत्रांत टीका झाली.

दुसरा एखादा माणूस येथे थांबला असता. कुक यांनी पुढल्या वर्षी पुन्हा स्कॉटलंडचीच सहल काढली आणि त्यानंतर पंधराएक वर्षे हा प्रदेश त्यांच्या व्यवसायाचा कणा ठरला. वाटेवरच्या एकेका सांध्याची जबाबदारी नेमून दिल्याखेरीज साखळी जुळत नाही, आणि छापलेल्या पत्रकातील प्रत्येक ओळ हे प्रवाशाला दिलेले वचन असते, हा धडा त्यांनी प्रेस्टनच्या न मिळालेल्या चहातून घेतला असे म्हणायला हरकत नाही. स्कॉटलंडशी त्यांचे नाते केवळ धंद्याचेही राहिले नाही. आयोना बेटावरील कोळ्यांची हलाखी पाहून त्यांनी आपल्या प्रवाशांकडून वर्गणी जमवली आणि त्यातून त्या कोळ्यांना मासेमारीच्या होड्या मिळाल्या.

याच काळात त्यांनी बड्या सरदारांचे वाडे आणि उद्याने सामान्य लोकांना दाखवण्याचा उपक्रमही केला. चॅट्सवर्थ येथील उद्यानाचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन हे पुढे लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी काचेचा भव्य स्फटिकमहाल उभारणारे शिल्पकार म्हणून गाजले. मिडलंड रेल्वेचे अध्यक्ष जॉन एलिस आणि पॅक्स्टन या दोघांनी डर्बी येथे कुक यांची गाठ घेतली आणि मध्य व उत्तर इंग्लंडमधील कामगारांना प्रदर्शनाला आणण्याचे काम हाती घेण्यास त्यांना राजी केले.

साडेतीनशे माणसांना प्रेस्टनला चहा देऊ न शकलेल्या माणसापुढे आता लाखाच्या वरचा आकडा होता. कुक यांनी प्रश्नाचे तुकडे पाडले. पहिला प्रश्न पैशांचा. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याने लंडनचे भाडे एकरकमी आणायचे कोठून? त्यासाठी गावोगावी बचतमंडळे उभी राहिली आणि आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवण्याची सोय झाली. दुसरा प्रश्न माहितीचा. त्यासाठी कुक यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले. तेच पुढे ‘द एक्स्कर्शनिस्ट’ या नावाने अनेक दशके चालले. तिसरा प्रश्न लंडनमधील निवासाचा, आणि चौथा माणसे गाडीपर्यंत आणण्याचा. सतरा वर्षांचा जॉन मेसन आणि त्याचे वडील बँड घेऊन गावोगाव फिरले. कारखान्यातून सुटणाऱ्या मजुरांना रस्त्यातच गाठून तिकिटे विकली. मध्येच ग्रेट नॉर्दर्न या प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीने भाडेयुद्ध पेटवले आणि यॉर्कशायरहून लंडनला जाऊन येण्याचे भाडे पाच शिलिंगांपर्यंत उतरले. मे ते ऑक्टोबर या काळात कुक यांच्या व्यवस्थेखाली दीड लाखाहून अधिक लोक प्रदर्शन पाहून आले. त्यांतील बहुसंख्य लोकांनी त्याआधी राजधानी पाहिलेलीच नव्हती. प्रदर्शनापूर्वी एवढ्या मजूरवर्गाच्या गर्दीने लंडनमध्ये दंगेधोपे होतील अशी भीती प्रतिष्ठितांत पसरली होती. तसे काही घडले नाही.

परदेशाचा प्रारंभ मात्र तोट्याने झाला. १८५५ मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरले. खाडीपलीकडे जाणाऱ्या जवळच्या मार्गावरील कंपन्यांनी कुक यांना सवलत नाकारली, तेव्हा त्यांनी हार्विचहून अँटवर्प, मग ब्रसेल्स, कोलोन, ऱ्हाईन नदी, स्ट्रासबर्ग आणि शेवटी पॅरिस असा मोठा वळसा आखला. वळसा रम्य होता, पण हिशेब जमला नाही. त्याहून मोठा धक्का १८६२ मध्ये बसला. स्कॉटलंडमधील रेल्वे कंपन्यांनी आपल्या सहलतिकिटांची विक्री स्वतःकडे घ्यायचे ठरवले आणि कुक यांना दारे बंद केली. एका प्रदेशावर, एका पुरवठादारांच्या टोळक्यावर सारा व्यवसाय उभा ठेवला की काय होते, हे वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांना कळले.

ते रडत बसले नाहीत. १८६३ च्या जूनअखेर ते एक मोठा गट घेऊन पॅरिसमार्गे स्वित्झर्लंडला निघाले. या गटात यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल ही तरुणी होती. तिने लिहून ठेवलेली रोजनिशी दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि त्यामुळे या सहलीचा तपशील आज उपलब्ध आहे. पहाटे चारच्या सुमारास उठणे, घोळदार झग्यांनिशी हिमनद्या ओलांडणे, खेचरे, घाट आणि रिगी पर्वतावरचा सूर्योदय अशी ती दौड होती. आजच्या धावत्या सहलींना नावे ठेवणाऱ्यांनी ती रोजनिशी जरूर पाहावी. एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी एकट्या स्त्रीने परदेशी जाणे समाजाला मान्य नव्हते. कुक यांच्या गटात मात्र शिक्षिका, अविवाहित बहिणी, विधवा निर्धास्तपणे जाऊ शकत. सोबत स्वतः कुक असत, आणि मद्याला न शिवणारा धार्मिक गृहस्थ ही त्यांची ख्याती कुटुंबातील वडीलधाऱ्यांना पुरेशी असे.

अभिजनांना हे रुचले नाही. इटलीत राहणारे आयरिश लेखक चार्ल्स लीव्हर यांनी १८६५ मध्ये टोपणनावाने लिहून या पर्यटकांची यथेच्छ टवाळी केली, आणि इंग्लंड सरकार आपले गुन्हेगार कुक यांच्यामार्फत युरोपात धाडत असल्याची आवईही उठवली. कुक इतके संतापले, की त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांकडे दाद मागितली. ती मिळाली नाही. मग त्यांनी छापखान्याचा आधार घेतला आणि उत्तरादाखल पुस्तिकाच काढली. निसर्ग आणि कला पाहण्याचा हक्क केवळ खानदानी माणसांचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. टवाळी विसरली गेली. गाड्या भरून जातच राहिल्या.

या सुमारास जॉन मेसन पुन्हा वडिलांच्या कामात आला आणि १८६५ मध्ये लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर कचेरी उघडली गेली. बाप आणि लेक यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर होते. थॉमस नवे प्रदेश शोधत, माणसे जोडत, दानधर्म करीत. हिशेबाच्या वह्या मात्र त्यांना कंटाळवाण्या वाटत. जॉन मेसन शिस्तीचा, करडा, पै-पैचा हिशेब ठेवणारा. मागे वळून पाहता या दोघांची गरज एकमेकांना होती हे उघड दिसते. त्यांना स्वतःला ते कितपत दिसले, याविषयी शंका आहे.

थॉमस यांच्या काळातील दोन युक्त्या मात्र पुढे साऱ्या जगाने उचलल्या. १८६८ मध्ये त्यांनी हॉटेल कुपने सुरू केली. प्रवाशाने निघण्यापूर्वीच कुक यांच्याकडे पैसे भरून कुपने घ्यायची, परगावच्या ठरलेल्या हॉटेलात ती देऊन खोली आणि जेवण घ्यायचे, आणि हॉटेलवाल्याने ती कुपने पाठवून कुक यांच्याकडून पैसे वसूल करायचे. प्रवाशाला परक्या भाषेत घासाघीस करायला नको, हॉटेलवाल्याला गिऱ्हाइकांची खात्री, आणि मधल्या काळात आगाऊ आलेली रोकड कंपनीच्या हाती. दुसरी युक्ती परिपत्रक-पत्रांची. १८७४ पासून चलनात आलेली ही पत्रे देऊन परदेशात तेथील पैसे घेता येत. पुढच्या ट्रॅव्हलर्स चेकची ती पूर्वज.

१८६९ च्या प्रारंभी कुक इजिप्त आणि पॅलेस्टाइनला पोहोचले. नाईल नदीवर दोन आगबोटी भाड्याने घेतल्या. पॅलेस्टाइनमध्ये हॉटेले फारशी नव्हती, तेव्हा तंबू, पलंग, स्वयंपाकी, घोडे, खेचरे, दुभाषे आणि राखणदार असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंडीचा मुक्काम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या व्यवस्थेची कल्पना सहज येईल. फरक एवढाच, की दिंडीमागे शतकांचा सराव असतो आणि येथे सारेच नव्याने जुळवायचे होते. धर्मग्रंथातील भूमी सामान्य श्रद्धाळूंना दाखवणे हे थॉमस यांचे तरुणपणापासूनचे स्वप्न होते, आणि साठीत ते पुरे झाले.

१८६९ मध्येच सुएझ कालवा आणि अमेरिकेला आरपार जोडणारा लोहमार्ग ही दोन्ही कामे पूर्ण झाली. मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन लोहमार्गांचा सांधा जुळला आणि मुंबई ते कलकत्ता रेल्वेने जाणे शक्य झाले. पृथ्वीप्रदक्षिणा आता वेळापत्रकात बसवता येणार होती. २६ सप्टेंबर १८७२ रोजी ६३ वर्षांचे कुक मोजके प्रवासी घेऊन लेस्टरहून निघाले. लिव्हरपूलहून ‘ओशनिक’ जहाजाने अमेरिका, तेथून जपान, चीन, सिंगापूर, सिलोन आणि मग भारत. कलकत्त्याहून बनारस, आग्रा, दिल्ली पाहत ते मुंबईला आले आणि येथून बोटीने सुएझकडे गेले. एकूण २२२ दिवस आणि २५ हजार मैलांहून अधिक प्रवास. वाटेतून ते लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्रे पाठवत. योगायोग असा, की ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा कुक खरोखरीच वाटेत होते.

ते परतले तेव्हा लंडनच्या लडगेट सर्कस येथे नवी प्रशस्त कचेरी झाली होती आणि तेथील सूत्रे जॉन मेसनच्या हाती होती. बापलेकांतले मतभेद आता झाकण्यापलीकडे गेले. थॉमस यांना धर्मकार्य आणि व्यवसाय ही दोन निराळी खाती कधी वाटलीच नव्हती. रोममधील बाप्टिस्ट मिशनला ते सढळ हाताने मदत करीत. जॉन मेसनला मात्र कंपनीच्या नावाची आणि पैशांची अशी सरमिसळ मान्य नव्हती. खटके उडत गेले आणि १८७८ मध्ये भागीदारी संपली. ज्याने हे सारे शून्यातून उभे केले, तो सत्तरीचा गृहस्थ लेस्टरला ‘थॉर्नक्रॉफ्ट’ या नव्या घरी निवृत्त होऊन राहिला. मुलाने केलेला हा व्यवहार निष्ठुर होता. कंपनीच्या वाढीचा विचार केला तर तो बरोबरही असेल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्याची अडचण अनेक कौटुंबिक पेढ्यांना ठाऊक आहे.

पुढची वाढ खरोखर थक्क करणारी होती. १८८०-८१ च्या हिवाळ्यात जॉन मेसन भारतात आले आणि १८८१ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात कंपनीची कचेरी सुरू झाली. १८८४ मध्ये खार्टुममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या मोहिमेचे सुमारे १८ हजार सैनिक नाईलमधून वर नेण्याचे कंत्राट याच पर्यटन कंपनीला मिळाले. राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाला जाणाऱ्या हिंदी संस्थानिकांची, त्यांच्या लवाजम्यासह, व्यवस्थाही कुक यांच्या कंपनीकडे होती. पण अपयशही मुंबईतच पदरी पडले. हजच्या यात्रेकरूंचे जहाजांवर अतोनात हाल होत, ते दूर करण्यासाठी १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हे काम कंपनीकडे सोपवले. तिकिटांचे दर छापील झाले, व्यवस्था सुधारली. परंतु बहुसंख्य यात्रेकरू अत्यंत गरीब, प्रवासाच्या तारखा चंद्राच्या गणनेवर, आणि जहाजमालक व दलाल यांचे जुने हितसंबंध घट्ट. हिशेब तोट्याचाच राहिला आणि काही वर्षांत कंपनीने ते काम सोडून दिले. लेस्टरच्या मजुरांसाठी जी युक्ती चालली, ती मुंबईच्या गोदीत जशीच्या तशी चालली नाही.

यांपैकी कशातही थॉमस यांचा हात नव्हता. थॉर्नक्रॉफ्टमधील दिवस एकाकी होते. लाडकी मुलगी अ‍ॅनी आईवडिलांच्या कामात मनापासून रमलेली. नोव्हेंबर १८८० मध्ये न्हाणीघरात गेली असता पाणी तापवण्याच्या नव्या गॅसयंत्रातून निघालेल्या विषारी वायूने तिचा मृत्यू झाला. त्या आघातातून मेरियन सावरल्या नाहीत, १८८४ मध्ये त्याही गेल्या. १८८८ मध्ये ऐंशीच्या घरातील कुक पुन्हा एकदा, अखेरचे, पॅलेस्टाइनला जाऊन आले. दृष्टी अधू होत होत पार गेली. १८९१ मध्ये कंपनीने लंडनमध्ये मोठ्या थाटात सुवर्णमहोत्सव साजरा केला. त्या समारंभाला संस्थापक हजर नव्हते. प्रकृती बरी नव्हती हे कारण खरे होते, आणि बापलेकांतला दुरावाही खरा होता. त्याच सुमारास त्यांनी स्वतःच्या पैशांतून मेलबर्न या जन्मगावी गरिबांसाठी चौदा छोटी घरे आणि प्रार्थनागृह बांधून दिले. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टरला त्यांचे निधन झाले.

जॉन मेसन वडिलांमागे जेमतेम सात वर्षे जगले. १८९८ मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या पॅलेस्टाइन-यात्रेची व्यवस्था ते जातीने पाहत होते. तेथे जडलेले दुखणे त्यांना भोवले आणि मार्च १८९९ मध्ये ते वारले. नातवंडांनी १९२८ मध्ये कंपनी विकली. पुढे ती अनेक हातांतून गेली, युद्धांतून तरली, सरकारी मालकीचीही झाली, आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाच्या ओझ्याखाली तिचे लंडनमधील दिवाळे निघाले. त्या दिवशी तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत होते आणि त्यांना विमानांनी घरी आणण्याचे काम सरकारला करावे लागले. १८५१ च्या प्रदर्शनाला कुक यांनी नेऊन आणलेल्या माणसांचा आकडाही जवळपास तेवढाच. मुंबईहून चालणारी त्याच नावाची भारतीय कंपनी २०१२ पासूनच निराळ्या मालकीची असल्याने या दिवाळखोरीत सापडली नाही.

कंपनीचे दप्तर लिलावात विखुरले जाईल अशी भीती होती. ते अखेर लेस्टरशायरच्या अभिलेखागाराने घेतले. जुनी वेळापत्रके, कुपने, ‘एक्स्कर्शनिस्ट’चे अंक आणि मार्गदर्शक पुस्तिका आता लेस्टरजवळच्या विगस्टन गावी आहेत.